एका ठिपक्याचं चित्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून पडद्याविषयी बोलायचं म्हणजे थोडी गंमतच आहे. पण ज्या पडद्याविषयी आज मी बोलणार आहे, तो आता बहुतेक घरांत समोर नसतोच. तो माळ्यावर असतो, जिन्याखाली असतो, गावच्या घरी धान्याच्या कणगीशेजारी असतो. मागे भलंमोठं पोट असलेला, एकट्यानं उचलायला गेलं तर कंबर धरणारा, असा आपला जुना टीव्ही.

मी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. त्यातली बरीच वर्षं या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबभोवतीच गेली. हल्ली ओळखीचे लोक मला तिच्याविषयी दोनच प्रश्न विचारतात. पहिला, ‘सर, या डब्याचे भंगारात किती येतील?’ आणि दुसरा, ‘आतलं तांबं तेवढं काढून घेतलं तर?’ या दुसऱ्या प्रश्नानं मी दचकतो. का दचकतो, हे सांगायचं तर आधी ती ट्यूब चालते कशी, ते सांगावं लागेल. कारण ज्या गोष्टींमुळे ती चालते, नेमक्या त्याच गोष्टींमुळे ती फोडायची नसते.

या ट्यूबचं पूर्ण नाव कॅथोड रे ट्यूब. तिचा जन्म १८९७ सालचा. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन त्या वेळी स्ट्रासबुर्ग इथे प्राध्यापक होते. विजेचा प्रवाह वायरमधून जाताना कसा कमीजास्त होतो, हे डोळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी एक काचेची नळी तयार केली. नळीच्या एका टोकाकडून निघणारा किरण दुसऱ्या टोकाच्या पडद्यावर आदळायचा आणि तिथं एक उजळ ठिपका उमटायचा. विजेच्या चढउताराबरोबर तो ठिपका नाचायचा. हा किरण म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा झोत आहे, हे त्याच १८९७ साली इंग्लंडमध्ये जे. जे. थॉमसन यांनी दाखवून दिलं. त्या कणांना आपण आज इलेक्ट्रॉन म्हणतो. रेडिओच्या श्रोत्यांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट सांगतो. या ब्राउनना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळालं, पण ते या नळीसाठी नव्हे. ते मिळालं बिनतारी संदेशवहनावरच्या कामासाठी, आणि तेही मार्कोनीबरोबर विभागून. म्हणजे पडद्याचा जनक हा रेडिओच्याही जनकांपैकी एक होता.

आता त्या नळीच्या आत डोकावू. पिक्चर ट्यूबचा आकार एखाद्या आडव्या ठेवलेल्या फनेलसारखा, म्हणजे नरसाळ्यासारखा असतो. समोरचा रुंद भाग म्हणजे पडदा. मागे निमुळती होत गेलेली मान. त्या मानेत असते इलेक्ट्रॉनची बंदूक. मेकॅनिक मंडळी तिला ‘गन’च म्हणतात. टीव्ही लावला की आतली बारीकशी तार तापते, ती कॅथोडला तापवते आणि तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात. जुना टीव्ही लावल्यावर चित्र यायला थोडा वेळ का लागायचा, याचं उत्तर हेच. ती चूल पेटायला वेळ लागायचा.

बाहेर पडलेल्या या इलेक्ट्रॉनना पडद्याकडे ओढून घेण्यासाठी ट्यूबच्या पोटाला अतिशय मोठा विद्युत्दाब दिलेला असतो. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट. रंगीत टीव्हीच्या ट्यूबमध्ये तो सुमारे २५ हजार व्होल्टपर्यंत चढवलेला असतो. या ओढीनं इलेक्ट्रॉन इतके वेगात धावतात, की पडद्यावर आदळताना त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ९० हजार किलोमीटर असतो. प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ तीस टक्के! आपल्या बैठकीच्या खोलीत, हातभर लांबीच्या काचेच्या भांड्यात हे रोज संध्याकाळी घडत होतं आणि आपण समोर बसून पोहे खात होतो.

पण वाटेत हवा असेल तर इलेक्ट्रॉन हवेच्या कणांवर आपटून भरकटतील. म्हणून ट्यूबमधली हवा जवळजवळ सगळी काढून घेतलेली असते. आत पोकळी, बाहेर वातावरण. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. आता २१ इंची टीव्हीचा पडदा घ्या. सुमारे ४३ सेंटीमीटर रुंद आणि ३२ सेंटीमीटर उंच. गुणाकार केला तर एकट्या पडद्यावर १,४०० किलोच्या आसपास भार येतो. दीड टनाला थोडा कमी! एखादी चारचाकी उभी केल्यासारखं ओझं ती काच दिवसरात्र पेलत असते. म्हणून ती इतकी जाड, किंचित फुगीर आणि भोवती पोलादी पट्टा आवळलेली. टीव्ही जड का, याचं बरंचसं उत्तर या काचेत आहे.

इलेक्ट्रॉन पडद्याच्या आतल्या बाजूला आदळतात. तिथं एका खास पावडरीचा थर दिलेला असतो. इलेक्ट्रॉनचा मारा झाला की ती चमकते. झोत जोराचा असेल तर ठिपका लख्ख पांढरा, झोत अडवला तर काळा. आतापर्यंत आपल्याजवळ काय जमलं? फक्त एक ठिपका. मग चित्र कुठून आलं?

इथंच या यंत्राची खरी करामत आहे. ट्यूबच्या मानेवर तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. त्यांना ‘योक’ म्हणतात. त्यातून वीज वाहिली की चुंबकत्व तयार होतं आणि त्यानं इलेक्ट्रॉनचा झोत वाकतो. बागेला पाणी घालताना आपण रबरी नळीचं तोंड हलवतो आणि धार या वाफ्यातून त्या वाफ्यात जाते, तसंच. फरक इतकाच की इथं हलणारा हात नाही, नुसतं चुंबकत्व आहे. हा झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक ओळ लिहितो, झटकन मागे येतो, थोडा खाली सरकतो आणि पुढची ओळ लिहितो. आपण वहीत लिहितो अगदी तसं. लिहिता लिहिता तो कुठे उजळ होतो, कुठे मंद. आपल्या देशात वापरलेल्या पद्धतीत एका पूर्ण चित्राच्या ६२५ ओळी, आणि अशी २५ चित्रं दर सेकंदाला.

त्यातही एक युक्ती होती. २५ वेळा उजळणारं चित्र डोळ्यांना लुकलुकताना जाणवतं. म्हणून आधी फक्त विषम ओळी लिहायच्या, १, ३, ५ अशा. मग परत वर जाऊन मधल्या सम ओळी भरायच्या. त्यामुळे पडदा सेकंदाला ५० वेळा उजळतो आणि लुकलुक पुष्कळ कमी होते. ६२५ ला २५ नं गुणलं की होतात १५,६२५. सेकंदाला इतक्या ओळी! या गतीमुळे टीव्हीतला एक ट्रान्सफॉर्मर बारीक शिट्टीसारखा आवाज करायचा. मुलांना तो दुसऱ्या खोलीतूनही ऐकू यायचा आणि आजोबांना शेजारी बसूनही यायचा नाही, कारण वयाबरोबर आपल्या कानांची असे उंच स्वर पकडण्याची ताकद कमी होते. ‘टीव्ही चालू आहे, मला कळतंय’ असं बाहेरून म्हणणारं पोर खोटं बोलत नव्हतं.

आता जरा थांबून विचार करा. पडद्यावर कोणत्याही एका क्षणी झोत फक्त एकाच ठिकाणी असतो. आधीच्या ओळी तोवर विझत आलेल्या असतात, पुढच्या अजून लिहायच्या असतात. म्हणजे पूर्ण चित्र पडद्यावर एकदम कधीच नसतं. मग ते पाहिलं कोणी? आपण. दिवाळीत अंधारात फुलबाजी गोल फिरवली की प्रकाशाचं वर्तुळ दिसतं. वर्तुळ हवेत नसतं, ते आपल्या नजरेत असतं. याला दृष्टिसातत्य म्हणतात. जुन्या टीव्हीचं मोबाइलवर चित्रण केलं तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा खोड्या करत नाही. आपल्यापेक्षा तोच जरा खरं सांगतो.

रंगीत टीव्हीत एकाऐवजी तीन झोत असतात. लाल, हिरव्या आणि निळ्यासाठी एकेक. पण झोताला स्वतःचा रंग नसतो. रंग असतो पडद्यावरच्या पावडरीत. तिचे तीन रंगांचे बारीक ठिपके किंवा रेघा शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. भिंग धरून पाहिलं तर रांगोळीसारखे दिसतात. प्रत्येक झोत आपल्याच रंगावर पडावा म्हणून पडद्यामागे लाखो छिद्रांचा पातळ पत्रा बसवलेला असतो. तीन झोत जरा वेगवेगळ्या कोनांतून येतात, त्यामुळे छिद्रातून पलीकडे गेल्यावर तिघांची घरं वेगळी पडतात. झोताचा मोठा हिस्सा या पत्र्यावरच आपटून वाया जातो, म्हणून रंगीत ट्यूबला दाब जास्त लागतो. हा पत्रा लोखंडी असतो. स्पीकरचं लोहचुंबक टीव्हीजवळ आणलं की त्याच्यात चुंबकत्व शिरायचं आणि पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग पडायचा. टीव्ही लावताना ‘धुम्म्’ असा जो आवाज यायचा, तो हेच चुंबकत्व घालवणाऱ्या वेटोळ्याचा.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यात चित्र दिसू लागलं. रंग आले १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. गच्चीवरचा अँटेना फिरवत ‘आलं का?’ आणि खालून ‘आलं, आलं, गेलं!’ हा संवाद श्रोत्यांना मी सांगायला नको. पण पिक्चर ट्यूब म्हणजे केवळ टीव्ही, असं समजू नका. तिचा संसार फार मोठा होता.

ब्राउन यांची मूळ नळी पुढे ऑसिलोस्कोप झाली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिला सीआरओ म्हणतात. तिच्यात झोत वळवायला चुंबकाऐवजी विद्युत्भारित पट्ट्या असतात, कारण त्या झोताला फार चपळाईनं वळवू शकतात. रुग्णालयात अतिदक्षता विभागात हृदयाचे ठोके दाखवत जाणारा तो हिरवा उसळता ठिपका, तोही हिचाच. जहाजावरच्या रडारसाठी मुद्दाम सावकाश विझणारी पावडर वापरत, म्हणजे फिरणारी रेघ पुढे गेली तरी मागची जहाजं पडद्यावर रेंगाळत राहत. टीव्हीसाठी मात्र लगेच विझणारी पावडर हवी, नाहीतर धावणाऱ्या खेळाडूमागे त्याचीच शेपटी दिसेल. ट्यूब तीच, पावडर बदलली की काम बदललं.

संगणकाच्या इतिहासात तर या नळीनं दोन भूमिका केल्या. १९४८ साली मँचेस्टरमध्ये एका प्रायोगिक संगणकाची स्मरणशक्ती म्हणूनच ती वापरली गेली. पडद्यावरचे विद्युत्भाराचे ठिपके म्हणजे साठवलेली माहिती. आणि आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली पूर्णपणे कार्यरत झाला. त्यालाही आकडे, अक्षरं आणि आलेख दाखवण्यासाठी कॅथोड रे ट्यूब जोडली होती. पुढे बँक, रेल्वे आरक्षणाची खिडकी, सायबर कॅफे, सगळीकडे हेच पोटवाले मॉनिटर आले. १९८२ साली प्रवासी सेवेत आलेल्या बोइंग ७६७ विमानात वैमानिकासमोरच्या काट्यांच्या तबकड्यांपैकी कित्येकांची जागा या पडद्यांनी घेतली.

मग अशी ही गुणी ट्यूब गेली का? तिच्या पोटामुळेच. झोत वळवायला मागे अंतर लागतं. पडदा मोठा करायचा तर पोट मोठं, काच जाड, वजन प्रचंड. २९ इंची संच उचलायला दोन माणसं लागत. सपाट एलसीडी पडद्यात झोत नाही, पोकळी नाही. तिथं प्रत्येक ठिपक्याची जागा ठरलेली आणि मागे दिवा. वीजही कमी. २००७ सालाच्या अखेरीस जगभरच्या विक्रीत एलसीडी टीव्हीनं ट्यूबच्या टीव्हीला मागे टाकलं. आपल्याकडे हे थोडं उशिरा घडलं, पण घडलं.

तरी काही ठिकाणी तिचं स्थान अजून कोणी घेतलेलं नाही. जुने व्हिडिओ गेम जमवणारे लोक आज ट्यूबचा टीव्ही शोधत फिरतात. त्यांच्या दृष्टीनं यात हौसेबरोबर तंत्रही आहे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमबरोबर एक बंदूक यायची, आठवते? तिच्यातून काहीच सुटत नसे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि फक्त नेमाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीतला प्रकाशमापक तो पाहायचा. हे सगळं ट्यूब संकेत येताक्षणी पडद्यावर लिहिते या भरवशावर चालतं. सपाट टीव्ही आधी चित्र साठवतो, त्यावर संस्कार करतो, मग दाखवतो. तेवढ्या उशिरानं नेम हुकतो.

दक्षिण कोरियात नाम जून पाइक या कलावंतानं १९८८ साली १,००३ टीव्ही रचून एक उंच मनोरा उभारला. तो राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. संच म्हातारे झाले, धोका वाटू लागला, म्हणून २०१८ साली तो बंद करावा लागला. दुरुस्तीसाठी जुन्या ट्यूब शोधत हिंडावं लागलं. ७३७ संच दुरुस्त करून वा जुने मिळवून ट्यूबचेच ठेवले आणि उरलेल्या २६६ जागी सपाट पडदे बसवले. २०२२ मध्ये मनोरा पुन्हा उजळला. ज्या देशानं जगाला सपाट पडदे विकले, त्याच देशाला जुन्या ट्यूब जमवाव्या लागल्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आतलं तांबं काढलं तर?

मघाशी मी सांगितलेल्या गोष्टी पुन्हा आठवा. पहिली, पोकळी. काचेवर शेकडो किलोंचा दाब आहे. ती वेडीवाकडी फुटली तर काच आधी आत कोसळते आणि मग तुकडे उसळून बाहेर येतात. दुसरी, तो २५ हजारांचा दाब. ट्यूबची काच आतून-बाहेरून वाहक लेप लावलेली असते, त्यामुळे ती विजेची साठवणही करते. प्लग काढून ठेवल्यावरही हा भार बराच वेळ राहू शकतो. म्हणून जाणता मेकॅनिक आधी ट्यूबच्या पोटावरच्या रबरी टोपीखाली जमिनीशी जोडलेला स्क्रूड्रायव्हर सरकवून तो भार उतरवतो आणि मगच हात घालतो. हे त्याचं काम आहे, घरी करून पाहायचं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण ती ट्यूब मेल्यावरही मरत नाही. इतके वेगवान इलेक्ट्रॉन एकदम थांबले की थोडे क्ष-किरण तयार होतात. ते बाहेर येऊ नयेत म्हणून काचेत शिसं मिसळलेलं असतं. रंगीत ट्यूबच्या मागच्या शंकूच्या काचेत वजनाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकं शिशाचं ऑक्साइड असतं. आपल्या संरक्षणासाठी घातलेलं हे शिसं काच अखंड आहे तोवर गप्प बसतं. काच फोडली, तिचा चुरा झाला, की ते धुळीतून आणि पाण्यातून वाट काढू शकतं. शिशाचा सर्वांत वाईट परिणाम होतो तो लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर.

शहराबाहेरच्या भंगाराच्या वखारींत मी पाहिलं आहे. पोरं दगडानं ट्यूबची मान मोडतात, योकचं तांबं काढतात, वायरी जाळतात आणि काच नाल्याच्या काठी टाकून देतात. त्या पोरांच्या हातात ना मोजे, ना डोळ्यांवर चष्मा. त्यांना दोष देऊन काय उपयोग? तांब्याला गिऱ्हाईक आहे, काचेला नाही.

आणि काचेला गिऱ्हाईक का नाही, हेही समजून घेण्यासारखं आहे. एकेकाळी होतं. जुन्या ट्यूबची काच वितळवून नव्या ट्यूबची काच करत. आपल्याकडे तळोज्याला भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात टीव्हीच्या ट्यूबची काच बनायची. गुजरातेत भरूचजवळच्या व्हिडिओकॉन समूहाच्या काच कारखान्यात तर अमेरिकेतून जुन्या ट्यूबची काच वितळवायला येत असे. शिशाची काच शिशाच्या काचेतच जिरत होती. पण नव्या ट्यूब बनणं थांबलं आणि हे चाक थांबलं. शिसं असलेली ही काच बाटल्यांत, पेल्यांत चालत नाही. शिसं वेगळं काढता येतं, पण त्याला भट्टी लागते आणि खर्च लागतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच. संच चालत असेल तर चालू द्या. लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरींच्या सेट टॉप बॉक्सवर तो अजून चित्र दाखवतो. कोणाला हवा असेल तर त्याला द्या. बंद पडला असेल तर मागचं झाकण उघडू नका आणि सुटं तांबं विकू नका. संच अखंड ठेवा आणि अखंडच सोपवा. ई-कचऱ्याविषयीचे नियम आपल्या देशात २०१२ पासून लागू आहेत. १ एप्रिल २०२३ पासून त्यांची नवी आवृत्ती अमलात आली. त्यानुसार टीव्ही बनवणाऱ्यांवर जुन्या संचांची जबाबदारी आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी झालेले पुनर्चक्रीकरण करणारे आहेत. आपल्या नगरपालिकेच्या ई-कचरा संकलनाच्या दिवसाची चौकशी करा. सोसायटीत दहा घरांचे दहा संच निघाले, तर नोंदणी असलेली गाडी दारात बोलावणंही सोपं जातं. भंगारवाल्यापेक्षा दोन पैसे कमी मिळतील, कदाचित काहीच मिळणार नाही. पण नाल्याकाठच्या त्या पोराच्या हातून एक काच तरी वाचेल.